गोळी परस्पर बंद करू नकोस

सांगली, रविवार

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईशी बोलता बोलता मधुराच्या तोंडून निघून गेले, की तू अकरा दिवसांपासून बीपीची गोळी घेतलेली नाहीस. लग्नाला तीन वर्षे होत आली, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, आणि हे सारे त्या गोळीमुळे होते असे तुझ्या मनाने घेतले आहे, असेही ती म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस. ती घाबरली आहे. हा विषय फोनवर तुलाही बोलवणार नाही आणि मलाही, म्हणून लिहितो. एकतीस वर्षे मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहून हजारो लोकांच्या हातात याच गोळ्या दिल्या. निदान त्या अधिकाराने तरी माझे ऐक.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा फडताळात तुझी स्ट्रिप मी पाहिली होती. सवयच ती; ब्रँडचे नाव सोडून माझी नजर आधी त्याखालच्या बारीक अक्षरांवर जाते. अॅम्लोडिपिन ५ आणि अटेनोलॉल ५० मिलिग्रॅम. म्हणजे तुझ्या एका गोळीत दोन औषधे आहेत, आणि त्यांतले अटेनोलॉल एका दिवसात बंद करायचे औषध नव्हे. बीटा ब्लॉकर जातीच्या या औषधाने हृदयाला ॲड्रेनलिन या उत्तेजना वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या माऱ्यापासून आडोसा दिलेला असतो. तो आडोसा अचानक काढला की ठोके वाढतात, दाब उसळी घेतो आणि ज्याच्या हृदयात आधीच काही दोष असेल त्याला झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते बंद करायचे झाल्यास एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत नेतात. आता खंड पडलाच आहे, तर आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नकोस. उद्या सकाळी पाच मिनिटे शांत बसून दाब मोज, डॉक्टरांना फोन कर आणि किती दिवस गोळी घेतली नाहीस ते न लपवता सांग.

या गोळीमुळे मूल होत नाही असे तू मोबाइलवर वाचलेस, ते सगळे खोटे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अॅम्लोडिपिन, निफेडिपिन ही कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवतात, त्यामुळे त्या सैलावतात आणि दाब उतरतो. परंतु शुक्राणूलाही कॅल्शियम लागतेच. स्त्रीबीजाचे कवच भेदण्यासाठी त्याच्या डोक्यावरची टोपी उघडावी लागते, आणि ती उघडते आत शिरणाऱ्या कॅल्शियममुळे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांना आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ घडवण्याचा उपचार) फसलेल्या काही जोडप्यांत असे आढळले, की पतीचे शुक्राणू संख्येने आणि हालचालीने चांगले दिसत होते, तरी बीजाशी गाठ पडल्यावर ते निष्प्रभ ठरत होते. हे पुरुष याच जातीची औषधे घेत होते. औषध बंद झाल्यावर काही महिन्यांत तो दोष भरून आला. हा पुरावा थोड्या लोकांवरचा आणि बराचसा प्रयोगशाळेतला आहे, आणि ही औषधे घेत असताना बाप झालेले कितीतरी पुरुष माझ्याच गिऱ्हाइकांत होते. तरीही त्यातून घ्यावी अशी गोष्ट एक आहे: नेहमीचा वीर्यतपासणीचा अहवाल निर्दोष आला तरी गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावेच लागते, कारण हा दोष त्या अहवालात दिसत नाही.

अटेनोलॉलबद्दल वेगळेच सांगायचे आहे. या औषधाने शरीरसंबंधात ताठरता कमी होते अशी तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. पण २००३ साली इटलीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार असलेल्या ९६ पुरुषांना हेच औषध दिले होते. कोणते औषध आहे हे ज्यांना सांगितलेच नव्हते, त्यांच्यापैकी जेमतेम ३ टक्क्यांनी ही तक्रार केली. औषधाचे नाव आणि हा दुष्परिणाम दोन्ही ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले. निखिल, गेले काही महिने तू रात्र-रात्र मोबाइलवर हेच वाचत बसतोस असे मधुरा म्हणते. त्या वाचनाचा भार गोळीपेक्षा जड झाला नसेल ना, याचा शांतपणे विचार कर. शिवाय दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, तर ताठरता आणणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या आधी बिघडतात. म्हणजे ज्या भीतीने गोळी सोडलीस, तेच दुखणे गोळी सोडल्याने ओढवते.

पर्याय आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीच्या औषधांकडे पुरुषाच्या बाबतीत अधिक निर्धोक म्हणून पाहिले जाते, आणि बीटा ब्लॉकर लागलाच तर नेबिव्होलॉलने ताठरतेची तक्रार कमी होते. (टेल्मिसार्टन गरोदर बाईला चालत नाही हे खरे, पण तो नियम तिने स्वतः घ्यायच्या गोळीचा आहे, नवऱ्याच्या गोळीचा नव्हे. ही गल्लत काउंटरवर नेहमी व्हायची.) क्लोर्थॅलिडोनसारख्या लघवीच्या गोळीने ताठरता घटू शकते, आणि स्पायरोनोलॅक्टोन तर पुरुषी संप्रेरकालाच आडवे येते, तेव्हा बदल करताना मूल हवे आहे हे स्पष्ट शब्दांत बोल. नुसते ‘दुसरी गोळी द्या’ म्हणू नकोस.

आता जे लिहितो ते तुझ्या आईखेरीज कुणाला ठाऊक नाही. तुझ्या जन्माआधी आम्ही चार वर्षे वाट पाहिली. त्यांतली तीन वर्षे सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या. गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे झाला, तेव्हा वेदनेने तिने माझे मनगट इतके घट्ट धरले की तिच्या बांगडीचा वळ संध्याकाळपर्यंत माझ्या हातावर होता. मी औषधांच्या धंद्यातला माणूस, आणि प्लॅस्टिकची एक डबी घेऊन प्रयोगशाळेत जायला मला तीन वर्षे लागली. गावात कुणी ओळखेल, ही लाज. शेवटी गेलो, तेव्हा दोष माझ्यातच निघाला, आणि तो उपचाराने सुधारलाही. ती तीन वर्षे मी तिला परत देऊ शकलो नाही. मधुराच्या वाट्याला ते येऊ देऊ नकोस.

तपासणी तुझी आधी होऊ दे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो. एक मात्र ध्यानात ठेव: शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणून अकरा दिवसांच्या खंडाने काहीच सिद्ध होणार नाही. डॉक्टरांनी औषध बदलले, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कर आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून दाखव. तंबाखू सोडल्याचे तू सांगितले होतेस. ते खरे असू दे. जिममधला कुणी ताकदीचे इंजेक्शन सुचवत असेल, तर त्याला स्पष्ट नकार दे, कारण बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने शुक्राणू तयार होणेच थांबते.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी का होईना, ती स्ट्रिप खिशात घालून ने. सोबत हवी असेल तर मी शुक्रवारच्या गाडीने पुण्याला येतो. बाहेर बाकावर बसेन, आत तुम्ही दोघांनी जायचे. दाबाचे आकडे उद्या सकाळी मला कळव.

तुझा,
बाबा