तिसऱ्या दिवशीच तुळजापूर

प्रिय सुनंदा,

दसऱ्याला तुझा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. रागव, पण हे वाचून झाल्यावर. टाईप करायला लागले की मला काही सुचत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. इकडे सगळे बरे. आईची साखर आहे तशीच, माझा गुडघाही.

लूना आठवते का तुला? थांब, आधी माझं ऐक.

माझ्या तिसरीच्या वर्गात ३६ पोरं, त्यातली पायी येणारी फक्त ११. बाकीची रिक्षात कोंबलेली, नाहीतर बापाच्या गाडीवर टाकीवर बसलेली. आणि यातली कितीतरी शाळेपासून हाकेच्या अंतरावरची! शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी असं आहे. ते कशासाठी, पोरानं पायी जावं म्हणूनच ना? म्हणून मी परिसर अभ्यास आणि गणित एकत्र करून उपक्रम काढला. मैदानात टेप टाकून १० मीटर आखले आणि पोरांना चालवलं. कुणाची १९ पावलं, कुणाची २२. म्हणजे दोन पावलांचा साधारण एक मीटर. मग घर ते शाळा पावलं मोजायची आणि रस्त्याचा नकाशा काढायचा. ते नकाशे तू बघायला हवे होतेस! एकीनं रस्ता काढलाच नाही, नुसती पाच कुत्री काढली, रंगासकट. म्हणाली, "बाई, हाच रस्ता आहे."

सगळ्यांचं रोजचं चालणं एकत्र करायचं आणि भिंतीवरच्या नकाशात सोलापूरहून तुळजापूरला निघायचं, ४५ किलोमीटर. कोजागिरीला पोचायचं, आपल्याकडची माणसं चालत जातात तसं. मला वाटलं, महिना सहज जाईल. ११ पोरांचे जाऊन-येऊन रोजचे १५ किलोमीटर झाले आणि तिसऱ्या दिवशीच तुळजापूर! गणितात तू मला कायम हसायचीस, हस आता. मग पंढरपूर धरलं, ७२. पायी येणारी ११ची १९ झाली. पायी येणाऱ्याच्या वहीत पावलाचा शिक्का, बटाटा कापून मीच केलेला. माती खाल्ली ती तिथं.

एक पोरगी जुळे सोलापूरहून येते, रिक्षानं. तिच्या वहीत आठ शिक्के. मी विचारलं नाही. मामाकडे राहायला आली असेल, असं मीच मला सांगितलं. परवा रिक्षावाले काका फाटकाशी आले. म्हणाले, "बाई, ती सात रस्त्यालाच उतरते. नाही म्हटलं तर रडते. बाईंनी चालत यायला सांगितलंय म्हणते." सात रस्ता, सुनंदा! मी अजून तो चौक कुणाच्या तरी आडोशानं ओलांडते. काका रोज रिक्षा कडेला लावून ती पार होईपर्यंत बघत थांबायचे आणि बाकीची पोरं खोळंबायची.

तिला बोलावलं. मान खाली घालेल वाटलं होतं, तर म्हणते, "खोटं नाही बाई, चाललेच की. ६४० पावलं." वही उघडली, तर प्रत्येक शिक्क्याशेजारी पेन्सिलीनं ६४०. आठ वेळा. मी शिक्का मारत गेले, आकडा वाचलाच नाही.

आता लूना. तुझ्या बाबांच्या लूनावर चादरींचा गठ्ठा बांधलेला असायचा, तो कुणाला दिसू नये म्हणून तू पार्क चौकातच उतरायचीस. मला माहीत होतं. चौथीत बाईंना कळलं, त्यांनी बाबांना बोलावून घेतलं आणि वर्षभर तू मला चुगलखोर म्हणालीस. मी सांगितलं नव्हतं गं! चाळीस वर्षांनी परत सांगते. (माझा संशय तुझ्या भावावर आहे.) आणि आता खरीच चुगली करायची वेळ आली आहे. तिच्या आईला सांगितलं तर पोरीला मार बसेल. नाही सांगितलं आणि चौकात काही झालं तर? वरून हुकूम आलाय, "शिक्के बंद करा, विषय मिटला." आणि त्या १९ पोरांना काय सांगू? चालणं रद्द?

१९९८ मध्ये इंग्लंडात एका शाळेनं 'चालती बस' काढली होती. ठरलेल्या थांब्यावर पोरं गोळा व्हायची, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. वाचायला सोपं आहे. इथं सकाळच्या घाईत मोठं माणूस आणू कुठून? एक आजोबा तयार झालेत, गिरणीतले. पण ते भोंगा चुकेल अशा वेगानं चालतात, पोरांना पळावं लागतं. काका म्हणतात, चौक ओलांडून रिक्षातल्या सहाही जणांना सोडतो, तिथून आजोबांनी न्यावं. मला पटलं. पोरीला सांगितलं तर म्हणते, "मग माझी पावलं कमी होतील की."

धाकटीचं ठरलं म्हणे? मुलगा काय करतो, कुणाकडून स्थळ आलं, सगळं सविस्तर कळव. शेंगाचटणी पाठवते, कडक भाकरीसोबत. तुमच्या पुण्याची चटणी मला सांगू नकोस.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. तिच्या आईला बोलावलंय मी, पण काय बोलायचं ते ठरत नाही. त्या दिवशी बाईंकडून बाबा घरी आले, तेव्हा ते तुला काय म्हणाले होते? ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. आज रात्री फोन कर. उचलते.

तुझीच,
मंगल