सातबाऱ्यावर नाव हयातीतच लागावे

‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्षा’निमित्तचा लेख वाचला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रियांना दिले, याचे स्वागतच आहे. पण आपल्याकडे शेतकरी ठरतो तो सातबाऱ्यावरून. माझी आजी आणि तिच्यामागोमाग आई एकाच रानात राबल्या. पहाटे धार काढून, भाकऱ्या थापून आजी खुरपणीला जायची. तुरीचे बियाणे राखेत घोळून गाडग्यात जपायची. कुठे काय पेरायचे, हे आजोबा तिलाच विचारत. तरी सातबाऱ्यावर तिचे नाव लागले ते आजोबांच्या निधनानंतर, वारस म्हणून. तोवर स्वतःच्या नावावर पीककर्ज तिला कुठून मिळणार? वास्तविक ‘लक्ष्मीमुक्ती’ योजनेखाली पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय राज्यात १९९२ पासून आहे. आमच्या घरी ती कोणी सांगितलीच नाही, आणि आजोबांच्या हयातीत आजीचे नाव लागलेच नाही. यंदा तलाठ्यांनी ग्रामसभेतच हे अर्ज भरून घ्यावेत आणि नाव लावण्याच्या फेरफार नोंदी रखडू देऊ नयेत. आईच्या नावासाठी वडील या आठवड्यात अर्ज देत आहेत.

– एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)