टीव्ही दाखवणारा माणूस नक्की कोणाचा?

मा. संपादक,

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे मोठा टीव्ही, साऊंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घ्यायचं बऱ्याच घरांत चाललंय. म्हणून लिहितोय. मॉलमधल्या शोरूममध्ये जो मुलगा आपल्याला टीव्ही दाखवतो तो बऱ्याचदा दुकानाचा नसतोच, कंपनीचा प्रमोटर असतो, त्याला टार्गेट त्याच ब्रँडचं, मग तुम्ही काहीही विचारा गाडी फिरून तिथेच येणार. त्याचा दोष नाही म्हणा, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण मग शर्टावर कंपनीचं नाव ठळक लिहा ना!

परवा साऊंडबार बघायला गेलो तर पोरगा नुसतं "सर ८०० वॅट, सर अ‍ॅटमॉस" करत होता (अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा चहूबाजूंनी आल्यासारखा वाटणारा आवाज). आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद, किती विचारलं तर गप्प. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने साऊंडबारकडे नेणारी सोय तुमच्या टीव्हीला साधी (एआरसी) आहे की सुधारित (ईएआरसी), हे तर त्याने विचारलंच नाही. साध्या एआरसीवर ओटीटीचं अ‍ॅटमॉस बहुतेक चालून जातं पण ब्लू-रे डिस्कवरचं ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला आवाज) त्यातून जात नाही, एवढं तरी विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे की नको?

मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं). तिथल्या एका जुन्या दुकानात काउंटरवर केस पिकलेले काका होते, त्यांनी किंमतीचं नावच काढलं नाही, आधी हॉल केवढा, सोफा भिंतीला टेकलाय का, खालच्या मजल्यावर कोण राहतं. दहा बाय चौदाचा हॉल म्हटल्यावर म्हणाले, साहेब मोठा सबवूफर (बासचा वेगळा स्पीकर) कोपऱ्यात ठेवलात तर बास नुसता घुमेल आणि स्लॅबमधून खालच्यांकडे धडधड जाईल, तुम्हाला कळणार पण नाही, लहान घ्या आणि खाली रबरी पॅड टाका. सात-आठ फुटांवरून बघणार तर ५५ इंच भरपूर. टीव्ही दाखवताना आधी भडक रंगांचा व्हिव्हिड मोड काढून सिनेमा मोड लावला, कारण दुकानाच्या भगभगीत लाईटमध्ये व्हिव्हिडवर सगळेच टीव्ही भारी दिसतात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की दोन स्पीकर ऐकवताना दोघांचा आवाज आधी सारखा केला. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो म्हणे, आणि खरंच, सारखा केल्यावर महागडा आणि त्याच्या निम्म्या किंमतीचा यात मला तरी फार फरक कळला नाही.

अशा काकांचा तासभर खाऊन दुकानाच्या पायरीवरच मोबाईलवरून ऑर्डर टाकणारे पण आपल्यातलेच आहेत, दोन-तीन हजार वाचतात हे कबूल, पण निदान केबल आणि स्टँड तरी त्यांच्याकडून घ्या की.

प्रमोटरच्या बॅजवर कंपनीचं नाव आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात आरएमएस वॅट, या दोन गोष्टींचा मुंबई ग्राहक पंचायतीने पाठपुरावा करावा अशी विनंती आहे.

- एक वाचक, गिरगाव