रंगवलेला गंज आणि लाडबोरीची रिंग

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या करमणुकीच्या बागांचे रंगीत फोटो आले होते. त्यातल्या एका बागेत मी अर्धी रात्र काढून आलो आहे, म्हणून हे पत्र. त्यावरून आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावासाठी एक सूचना सुचली, तीही शेवटी मांडली आहे. मी एस.टी.च्या आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. लिहिण्याची सवय जॉबकार्डापुरती, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मे महिन्यात मुलीकडे कॅलिफोर्नियाला होतो. तिथे अनाहाइम या गावी डिस्नीलँड आहे, १९५५ सालचं. त्यात २०१९ च्या मे अखेरीस स्टार वॉर्स सिनेमांतलं परग्रहावरचं एक गाव चौदा एकरांत वसवलं. चौदा एकर म्हणजे आमच्याकडे तीन भावांच्या वाटणीचं धान. वर्षातल्या काही ठरावीक रात्री बाग इतरांसाठी लवकर बंद करतात आणि वेगळं तिकीट काढलेल्यांना रात्री नऊ ते एक आत ठेवतात. एरवी मोठ्या माणसांना तिथे सोंग घेऊन यायला मनाई असते, त्या रात्री मुभा असते. तिकिटाचा आकडा जावईबापूंनी शेवटपर्यंत सांगितला नाही. मी दोनदा विचारला.

आत शिरलो तर जिकडेतिकडे झगेवाले, तोंडं रंगवलेले, हातात उजेडाच्या तलवारी घेतलेले लोक. माझ्या अंगावर धोतर, टोपी आणि थंडी म्हणून मुलीने दिलेलं जाकीट. दोन पोरांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. मी कुठल्या ग्रहावरचा आहे असं त्यांना वाटलं कोण जाणे! दुकानांवरच्या पाट्या त्यांच्या बनावट लिपीत. मोबाइल धरला की त्या इंग्रजीत वाचता येतात. मला दोन्ही सारख्याच. तिथले नोकर भेटले की ‘चंद्र उगवताहेत’ अशा अर्थाचा काहीतरी रामराम घालतात. दिवसाचा रामराम वेगळा, त्यात सूर्य असतो.

नातीने निळं दूध पाजलं. गाईचा काही संबंध नाही, नारळ आणि तांदळाचं असतं. तांदळाचं म्हटल्यावर मी ग्लास संपवला. एचएमटी तांदूळ ज्यांनी निवडून काढला ते दादाजी खोब्रागडे आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातले. त्यांचा तांदूळ इतका निळा कोणी केला असता तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार मात्र आला.

पुढे पांढऱ्या चिलखतातले दोन शिपाई गस्त घालत आले आणि एकाने मला अडवून ओळख विचारली. खेळच असतो तो. पण मला कुठे ठाऊक? मी खिशातून निवृत्त कर्मचाऱ्याचा पास काढून दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि हाताने ‘चला पुढे’ अशी खूण केली. मुलगी हसून हसून खाली बसली.

आता मुद्द्याचं. गावाच्या एका टोकाला त्यांच्या सिनेमातलं यान उभं आहे, मिलेनियम फाल्कन. शंभर फुटांहून लांब. म्हणजे आपल्या तीन एस.टी. एकामागे एक लावाव्यात तेवढं. मध्येच वाफ सोडतं, गुरगुरतं. नात आत जायची घाई करत होती, मी कठड्याला धरून अर्धा तास उभा. त्या यानावर गंज रंगवला आहे. संपादक महोदय, मी जन्मभर गंज खरवडला. रिबेटीच्या खालून ओघळ कसा उतरतो, पाणी कुठे साचतं, पत्रा आधी कुठल्या कोपऱ्यात फुगतो, हे रंगवणाऱ्याने नीट पाहिलेलं होतं. एकच गोष्ट मला खटकली. पोटाखाली तेलाचे डाग, पण जमिनीवर वंगणाचा थेंब नाही. आमच्या आगारात असं यान आलं असतं तर मी म्हणालो असतो, हे गळत नाही, याला नुसतं पुसायचं राहून गेलंय.

आत सहा जणांची केबिन. दोघे चालक, दोघे तोफवाले, मागे दोघे मेकॅनिक. नात पुढे बसली आणि मला आपसूक मेकॅनिकची जागा आली. दोन चालकांपैकी एकाच्या हाती डावं-उजवं आणि दुसऱ्याच्या हाती वर-खाली! अर्धं स्टिअरिंग एकाकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. आठ वर्षांची नात आणि एक अनोळखी दाढीवाला, दोघांनी मिळून यान दिसेल त्याच्यावर घातलं. यान जागचं हलत नाही, खालची पाटी डुलते आणि समोरच्या पडद्यावरचं चित्र चालकाच्या हाताप्रमाणे बदलतं, हे मला दुसऱ्या मिनिटाला कळलं. तरी बाजूची बटणं लाल झाली की माझा हात आपोआप जात होता. ब्रेकडाऊन व्हॅनवर इतकी वर्षं काढल्यावर लाल दिवा पाहून माणूस गप्प बसू शकत नाही. बाहेर आल्यावर नात म्हणाली, ‘आबाजी, तुमच्यामुळे वाचलो.’

रात्री बाराच्या सुमारास बाकावर टेकलो आणि सवयीने वर पाहिलं. परग्रहावरचं गाव, सगळ्यांच्या तोंडी तारे, आणि आभाळ शहराच्या उजेडाने नुसतं भगवट. स्वाती दिसली. चित्रा नीट सापडली नाही. सप्तर्षी मी अंदाजाने पुरे केले.

तेव्हा मला लाडबोरी आठवली.

वाचकांपैकी अनेकांनी तो प्रकार स्वतः पाहिला असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी अंगणात होतो. आभाळात एकामागे एक जळते गोळे, मागे लांब शेपट्या. उल्का चुटकीसरशी विझते. हे मात्र बैलगाडीच्या चालीने सावकाश आभाळ ओलांडत गेलं. विदर्भात, खानदेशात, मध्य प्रदेशातही दिसलं. आणि आमच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तीन मीटर व्यासाची धातूची रिंग मोकळ्या जागेत येऊन पडली. कोणाला खरचटलंही नाही. आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं. रिंग पोलिस ठाण्यात नेली, पुढे इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. मी गर्दीतून मान वर करून वेल्डिंगची शिवण शोधत होतो, पण पोट्ट्यांच्या मोबाइलांनी काही दिसू दिलं नाही.

खऱ्या अंतराळातून आलेली वस्तू आमच्या तालुक्यात पडली आणि आम्ही काय केलं? आठ दिवस फोटो फिरवले. आज सहावीतल्या पोरांना विचारा, त्यांना ती गोष्ट धड माहीत नाही. मी एका कार्यालयात जाऊन सुचवलं की निदान गावात तिची प्रतिकृती लावा, पाडव्याला मुलांना जमवा. टेबलामागच्या बाबूंनी विचारलं, ‘रिंग कोणाच्या मालकीची आहे?’ मी म्हटलं, चीनच्या. ते म्हणाले, मग चीनलाच अर्ज करा.

डिस्नीलँड इथे आणा असं मी म्हणत नाही. रात्रभर खेळ करणं आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. ही झाडीपट्टी आहे, पूर्व विदर्भातला धानाचा आणि नाटकांचा मुलूख. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री धान कापलेल्या बांधीत नाटक. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत हजारो लोक तणसावर बसून असतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दोन तासांत रंगमंच उभा करतात. त्यांना एक रात्र लाडबोरीच्या रिंगेवर नाटक करा म्हटलं तर गाण्यांसकट करतील आणि विनोदी पात्र बाबूंचंच घेतील.

आणि पाडव्याची रात्र यासाठी किती सोयीची आहे पाहा. आदल्या दिवशी अमावास्या झालेली असते. चंद्र असला तर नखाएवढा, तोही लवकर मावळतो. आभाळ आपोआप काळंभोर. पश्चिमेला मृग आणि व्याध, ईशान्येला सप्तर्षी वर येताना. गावाने दोन तास खांबांवरचे दिवे मालवायचे, एवढाच खर्च. दिवे मालवण्याचा आम्हाला तसाही सराव आहे, फक्त एरवी ते आम्हाला न विचारता मालवतात. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. म्हणजे हे आपल्या विदर्भातच झालेलं आहे. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राकडून किंवा एखाद्या कॉलेजकडून दुर्बीण आणि ती लावणारा माणूस मिळाला तर पुरे.

अडचण एकच खरी आहे, ती वाघाची. आमच्या भागात अंधार पडल्यावर माणूस एकटा बांधीकडे जात नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कार्यक्रम गावाच्या मधल्या चौकात घ्यावा, बाहेरगावच्यांनी नाटकाला येतात तसं ट्रॅक्टर भरून यावं, आणि परतीची सोय आधी ठरवावी. यावर वनखात्याच्या माणसांशी बोलल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

आपण हे पत्र छापलंत आणि लाडबोरीच्या लोकांना कल्पना पटली, तर रिंग मी करून देतो. तीन मीटर व्यास म्हणजे परिघ साडेनऊ मीटरच्या जरा आत. पट्टी सहा मीटर लांबीत मिळते. दोन पट्ट्या, दोन जोड. वाकवायला शेजारचा लोहार आणि दोन पोट्टे लागतील. गंज मात्र मी रंगवणार नाही. एक पावसाळा बाहेर ठेवली की तो आपणच येतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर