ऐन उन्हात बंद पडणारी सौरवीज

महोदय,

नेरुळमधील आमच्या घराच्या छतावरील सौरसंचाचा इन्व्हर्टर (सौरपट्ट्यांची वीज घरगुती वापरायोग्य करणारे यंत्र) भर दुपारी, म्हणजे ऊन सर्वाधिक असते नेमके तेव्हाच, वारंवार बंद पडतो. पडद्यावर व्होल्टेज २५४ दिसते, तांबडा दिवा लागतो, थोड्या वेळाने संच सुरू होतो आणि पुन्हा तेच. संच बसवणारे ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या वाहिन्यांच्या जाळ्याला, दोष देतात, वीज कंपनीचे कर्मचारी इन्व्हर्टरकडे बोट दाखवतात. वस्तुतः इन्व्हर्टर नियमानेच वागतो: केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार विजेचा दाब (व्होल्टेज) ठरलेल्या पातळीच्या ११० टक्क्यांपुढे, म्हणजे २३० व्होल्टच्या घरगुती जोडणीत २५३ च्या वर गेला, की त्याने दोन सेकंदांत ग्रिडपासून अलग व्हायचे असते.

संध्याकाळच्या भारात शेवटच्या घरापर्यंत पुरेसा दाब पोहोचावा म्हणून रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे बाहेर पडणारा दाब कमीजास्त करण्याची पायरी, वर ठेवलेला असेल आणि दुपारी वापर कमी असताना अनेक छतांवरची वीज त्याच वाहिनीत शिरत असेल, तर दाब चढणारच. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक वा लांब असल्यास त्यात आणखी भर पडते. केबल बदलणे ग्राहकाच्या हाती आहे, टॅप नाही. इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून देण्याची तयारी काही तंत्रज्ञ (मोठ्या उत्साहाने) दाखवतात, परंतु त्यामुळे घरातली उपकरणे धोक्यात येतात.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने अशी छते वाढणार आहेत. तेव्हा वीज कंपनीने तक्रारीच्या ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळेत दाबाची नोंद घ्यावी आणि आवश्यक तेथे टॅप एक पायरी उतरवून संध्याकाळी पुन्हा मोजणी करावी. रात्री मोजून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारण्यात काहीच अर्थ नाही.

– एक वीजग्राहक, नेरुळ, नवी मुंबई