करसवलत कंपनीला, ओटी आम्हाला : कामगार मंत्र्यांना वाळूजमधून खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

22 सप्टेंबर 2025 ला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि लगोलग आमच्या लाईनवर ओटीची, म्हणजे ओव्हरटाईमची, यादी लागली. गाडी स्वस्त झाली की वाळूज एमआयडीसीत ती बातमी अशी नोटीस बोर्डावर येते. इथल्या शेकडो लहानमोठ्या कारखान्यांत गाड्यांचेच पार्ट बनतात, त्यामुळे शोरूममध्ये गर्दी झाली की इकडे रात्रपाळी भरते. काम वाढलं याची तक्रार नाही. 2020 साली बंद गेटासमोर उभं राहून झालंय आमचं. पण तो ओटी कायम कामगाराला डबल रेटने मिळाला आणि ठेकेदाराच्या पोरांना सिंगलने. मशीन एकच, पाळी एकच. कारखाने कायदा 1948 पासून दुप्पटच सांगत आला. त्यावरून कँटीनमध्ये जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, आणि त्यातला निम्मा आपल्या खात्याचा असल्यामुळे हे पत्र लिहितोय.

वाद असा, की सरकारने कर कमी करावेत, कायदे कमी करावेत आणि बाजूला व्हावं. की मध्ये उभं राहावं?

आमच्यातला एकजण टूलरूममध्ये आहे. डिप्लोमावाला, कायम, जुना. 2025 च्या बजेटमध्ये नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, नोकरदाराला पावणेतेरा, तेव्हा त्याने पेढे वाटले होते. त्याचं म्हणणं, सरकारने आपल्या खिशात पहिल्यांदाच काही राहू दिलं. त्याच्यापुरतं ते खरंच आहे, आणि त्याच्या घराचे हप्ते मला माहीत आहेत. पण त्याच टेबलावर असेंब्लीचा पोरगा बसतो. पीएफ, ईएसआय कापून त्याच्या हातात चौदा-पंधरा हजार पडतात. त्याला इन्कम टॅक्स कधी लागतच नव्हता, तर माफ काय होणार? त्याच्या पगाराच्या स्लिपवर कराची एकच ओळ आहे : पीटी, म्हणजे व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300.

या दोनशे रुपयांमागे मराठवाड्याची एक गोष्ट आहे. 1972 च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर खायला सुकडी मिळायची, त्यातली अर्धी ती पदरात बांधून घरी आणायची. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिला पैसा पुरावा म्हणून 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. म्हणजे मुंबईच्या ऑफिसात बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशावर आमच्याकडच्या पाझर तलावांची, नालाबंडिंगची मजुरी निघाली. कर म्हटला की लूट असं टूलरूमवाला म्हणायला लागला तेव्हा मी त्याला हेच सांगितलं. तो गेवराईकडचा, त्याच्या गावचा तलावही त्याच पैशातला असेल. तो गप्प बसला नाही, पण चहा मात्र त्याने पाजला.

आता त्याच कराची आजची अवस्था बघा. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. 1988 पूर्वी ती 250 होती, तेव्हापासून 2,500 आहे, अजून तीच. त्यामुळे महिन्याला दहा हजारांच्या जरा वर गेलेला हेल्पर वर्षाला 2,500 भरतो आणि त्याच कंपनीचा प्लांट हेडही 2,500 भरतो. 2023 मध्ये महिलांना 25,000 रुपये पगारापर्यंत माफी मिळाली, चांगलं झालं. पुरुषाला मात्र साडेसात हजार ओलांडले की कात्री लागते. वरची मर्यादा दिल्लीच्या हातात आहे, कबूल. खालची पायरी तर मुंबईत ठरते ना? हे खातं आपलं नाही, अर्थखात्याचं आहे. पण मंत्रिमंडळात आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीपासून फार लांब नसावी.

दुसरीकडे 20 सप्टेंबर 2019 ला केंद्राने कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांना 15. त्यासाठी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडला, हा सरकारनेच सांगितलेला आकडा. त्याशिवाय राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहेच. ती 1964 पासून चालू आहे. मागास भागात कारखाना काढला की राज्याच्या जीएसटीशी जोडलेलं अनुदान, वीज शुल्काची माफी, मुद्रांक शुल्काची माफी. आमचा मराठवाडा मागास म्हणून ही सवलत. मला ती पटते. शेंद्रा-बिडकीनला मोठमोठे उद्योग येऊ घातलेत ते इथल्या हवेसाठी नाही येत. माझी पोरंही उद्या तिकडेच अर्ज करणार आहेत. माझा प्रश्न सवलत का दिली हा नाही. सवलतीच्या फाईलमध्ये आमचा कागद कुठे आहे, हा आहे.

वादात तिसरा एक होता, आणि त्याच्यापुढे मला जरा नमतं घ्यावं लागलं. तो पूर्वी आमच्याबरोबरच लेथवर होता. आता कर्ज काढून त्याने भाड्याच्या शेडमध्ये दोन सीएनसी मशीन टाकल्यात, मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचं जॉबवर्क करतो. तो म्हणतो, कायदे नकोत, इन्स्पेक्टर नको. इन्स्पेक्टर मशीनकडे बघतसुद्धा नाही, टेबलाकडे बघतो. मला यावर काही उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही सगळ्यांनीच ते बघितलंय. पण त्यालाच मी विचारलं, तुझं बिल किती दिवसांनी निघतं? तो हसला. पूर्वी चार-चार महिने लोंबकळायचं. 2023 च्या वित्त कायद्याने तरतूद केली, की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च कंपनीला कराच्या हिशोबात वजा करता येणार नाही. तेव्हापासून मार्च जवळ आला की त्याला फोन येतात, "बिल पाठवा, बिल पाठवा." थकलेल्या बिलांचा कायदा तर 2006 पासून होता. पैसे निघाले ते कराच्या पानावर ती अट आल्यावर. हा मुद्दा मी मुद्दाम इथे मांडून ठेवतोय, पुढे लागणार आहे.

आणि ज्यांना सरकार बाजूलाच झालेलं हवंय, त्यांना मी बीडला न्यायला तयार आहे. मोकळा बाजार बघायला परदेशात कशाला जायचं? दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारची गावं ऊसतोडीसाठी रिकामी होतात. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, ती कागदावर कमी आणि तोंडी जास्त असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे दोन माणसांची मोजदाद एक. नियुक्तीपत्र नाही, पीएफ नाही, पाळी नाही, तासांचा हिशोब नाही. ट्रॅक्टर रात्री दोनला आला तर दोनला मोळ्या भरायच्या. एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीत चढतात. त्या खाड्याच्या धाकाने बाईला पाळीचे चार दिवससुद्धा परवडत नाहीत. 2019 मध्ये सरकारच्याच समितीने बीडमध्ये पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. काही वर्षांपूर्वी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं. ठीक आहे. पण कारखाना अजून म्हणतो, हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. नेमकं हेच वाक्य मला आता आमच्या गेटवरही ऐकू येतं : "ती पोरं आमची नाहीत, ठेकेदाराची."

म्हणून 3 सप्टेंबर 2025 ला मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला 9 ऐवजी 12 तासांपर्यंत काम घ्यायला मान्यता दिली तेव्हा इकडे काळजी वाटली. तिमाहीतला ओटी 115 तासांवरून 144 वर. यात म्हटलंय, कामगाराची लेखी संमती लागेल. महोदय, ती संमती कशी मिळते हे मी सांगतो. कामावर घेताना आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पीएफचा फॉर्म आणि त्याच गठ्ठ्यात एक छापील कागद असतो. सही करायची. तारखेची जागा कोरी. नंतर कधी "आज जमणार नाही, घरी आजारी आहे" म्हटलं की सुपरवायझर काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस म्हणतो, गेटपास जमा कर. ज्या माणसाला सलग नोकरीचे 240 दिवस भरायच्या आत ब्रेक देऊन काढतात त्याची संमती कसली मोजता?

या ब्रेकमुळेच नव्या श्रम संहितांतली चांगली कलमंही हवेत राहतात. 21 नोव्हेंबर 2025 ला चार संहिता लागू झाल्या, 29 कायदे त्यात आले. सगळ्यांना नियुक्तीपत्र, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी. वाचून बरं वाटलं. पण सात महिन्यांनी ज्याचं नाव एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे टाकतात त्याचं वर्ष कधी भरणार? उलट कारखाना बंद करायला परवानगी लागण्याची रेघ 100 कामगारांवरून 300 वर गेली, स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या लेखी नियमांची, रेघही आता 300 वरच आहे. निरीक्षकाच्या नावाला सुलभकर्ता जोडला गेला. ज्या प्रेस शॉपमध्ये मी उमेदीची वर्षं काढली तिथे पॉवर प्रेसला दोन बटणं असायची, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी म्हणून. टार्गेट वाढलं की एका बटणावर पाचर मारून चिकटपट्टी लावायची. एक हात मोकळा, तासाला नग जास्त. पट्टी कुणी मालक येऊन लावत नाही. ऑपरेटरच लावतो, कारण नग भरले नाहीत तर उद्या तो नसतो. बोट गेलं की त्याच्याच निष्काळजीपणाचा रिपोर्ट होतो. बाराव्या तासाला हात कसा चालतो हे मंत्रालयात बसून कळणार नाही, आणि ती पट्टी सोलून काढायला सुलभकर्ता नको, निरीक्षकच लागतो. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे याच वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. कारखान्यातच माणसं झोपतात हे आजूबाजूच्या टपऱ्यांना ठाऊक असतं, सरकारला ते पंचनाम्यात कळतं.

तरीही मी फक्त इन्स्पेक्टर वाढवा असं म्हणणार नाही. लेथवाल्या मित्राचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. त्याचीच वाट धरा. 45 दिवसांच्या बिलाला जी अट लावली तीच आमच्या पगाराला लावा. सामूहिक प्रोत्साहन योजनेत 80 टक्के स्थानिक माणसांची अट आहेच, म्हणजे अट घालता येत नाही असं कुणी म्हणू नये. तीत एवढं वाढवा, की ठेकेदाराच्या प्रत्येक कामगाराचा पीएफ भरल्याचं आणि ओटी दुप्पट दराने बँकेत जमा झाल्याचं दिसल्याशिवाय अनुदानाचा हप्ता निघणार नाही. ब्रेक देऊन परत घेतलेला माणूस सलग धरला जाईल. जखमी बोटांची नोंद हप्त्याच्या अर्जाला जोडावी लागेल. यातला एक रुपयाही सरकारने नव्याने खर्चायचा नाही. देताय त्यातूनच थांबवायचाय. यावर गुंतवणूक गुजरातला जाईल असं आपल्याला सांगितलं जाईल. जी कंपनी कायद्याप्रमाणे पगार देते तिला यात एक जादा कागद जोडावा लागेल, तेवढंच.

सुरुवात करायची तर एकाच एमआयडीसीपासून, एकाच वर्षाच्या अनुदानाच्या फाईलींपासून करा. ओटीचं रजिस्टर मागवलंत तर गेटवरच्या पंचिंगचा डेटाही त्याच दिवशी मागवा, आधी कळवू नका. रजिस्टरं बऱ्याच ठिकाणी दोन असतात.

कळावे,
आपला,
एक कामगार
रांजणगाव शेणपुंजी, वाळूज
जि. छत्रपती संभाजीनगर