जलमापकाची सक्ती करण्यापूर्वी कालव्यावरची मोजपट्टी पाहा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपसा सिंचनाच्या शेतीपंपांना जलमापक बसवण्याच्या सक्तीवरून कोल्हापूर-सांगलीकडे बरेच वादंग झाले. मी कालव्याच्या शेपटाकडचा लाभधारक असल्याने पाणी मोजूनच द्यावे, याच मताचा आहे. पीक आणि क्षेत्र पाहून पाणीपट्टी आकारली, की हात राखून भिजवणाऱ्यालाही तेवढाच भुर्दंड पडतो आणि चारीच्या (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पाटाच्या) तोंडाशी असलेल्याला रात्री शेतात पाणी घेणारे बारे बंद करण्याची गरज वाटत नाही.

शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी देण्याची तरतूद 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात आहेच. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावरच्या संस्थांनी असे मोजून घेतलेले पाणी सभासदांत वाटले, आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यांनी आपले आपण ठरवले. आमच्याकडे मात्र घोडे मोजणीपाशीच अडले आहे. लघुवितरिकेच्या (कालव्याच्या लहान फाट्याच्या) मुखाशी फ्ल्यूम, म्हणजे पातळीवरून प्रवाह मोजण्यासाठी अरुंद केलेला पाट, बांधलेला आहे. पण त्याच्या मोजपट्टीवरचे निम्मे आकडे उडाले आहेत आणि पुढच्या चारीत कमरेइतके गवत माजले आहे. त्यामुळे पाणी मागे तुंबते, पट्टीवर पातळी चढलेली दिसते आणि प्रत्यक्षात कमी पाणी घेऊन संस्थेच्या नावावर जास्त लागते. रब्बीच्या आवर्तनात (कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीत) मी तेथे उभा असताना नोंद घेणाऱ्याने मोटारसायकलवरून न उतरताच आदल्या दिवशीचा आकडा वहीत उतरवला. (उतरला असता, तरी काय वाचणार होता, हा प्रश्न आहेच.)

ही चूक किरकोळ नाही. अशा फ्ल्यूममध्ये पातळीच्या मापनात दहा टक्के फरक पडला, तर प्रवाहाच्या हिशेबात तो सुमारे पंधरा टक्के होतो. आणि एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह दिवसभर चालला, की जवळपास 2,447 घनमीटर पाणी जाते.

नदीकाठच्या पंपांची अडचण वेगळी आहे. पुरात मोटारी काढून वर आणाव्या लागतात आणि गढूळ पाण्याने मापकाची चाके अडकतात. त्याची दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची, हे ठरवल्याशिवाय केलेली सक्ती म्हणजे शेतकऱ्याच्या माथी आणखी एक खर्च. दुसरीकडे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीज मोफत झाल्याने उपशाला बिलाचा धाकही उरलेला नाही. मोजणी टाळता येणार नाही, ती याचसाठी.

म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आधी संस्थेला जेथून पाणी दिले जाते तेथील मोजणी सक्तीची करावी, अशी विनंती आहे. आवर्तन सुटण्यापूर्वी गाळ-गवत काढून पट्टीचा शून्य तपासावा, रोजची नोंद संस्थेच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी आणि तोच आकडा त्याच दिवशी चावडीच्या फळ्यावर लिहावा. ही मोजणी एक हंगाम नीट चालली, की मग पंपावरच्या मापकाचे बोलू.

आपला,
एक लाभधारक शेतकरी